आधी जागा बघा, मग मलम शोधा: एक ते तीन वर्षांच्या मुलांची त्वचा आणि कपडे

लेक सव्वा वर्षाची असताना एका रात्री तिच्या मानेमागे लाल चट्टा दिसला. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत सात निदानं आली: उष्णता, दात येताहेत, पित्त, साबण बदला, पाणी बाधलं, जंत आणि अर्थातच दृष्ट. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चट्टा बघण्याआधी तिच्या अंगातला फ्रॉक उलटा केला. गळ्याला शिवलेलं लेबल चट्ट्याएवढंच होतं, तसंच चौकोनी. घरी येऊन ते उसवलं आणि तीन दिवसांत मान साफ झाली.

मी डॉक्टर नाही. पण तेव्हापासून शेजारपाजारच्या नव्या आईबाबांना एकच सांगत आले आहे: पुरळ कसलं आहे हे विचारायच्या आधी ते कुठे आहे आणि त्या जागेला दिवसभरात काय काय लागतं, ते बघा. कपडा, घाम, लाळ, शी-शू, तेल, दोरा, डास. या वयात त्वचेची तक्रार आणि कपड्याची तक्रार पुष्कळदा एकच असते. आमचं घर डोंबिवलीत, म्हणजे वर्षातले आठ महिने चिकचिक. नाशिक-नागपूरच्या कोरड्या थंडीतल्या घरांनी कोरडेपणाचा भाग जरा नीट वाचावा.

पायरी पहिली: दिवसाउजेडी, सगळे कपडे काढून

ट्यूबलाइटच्या उजेडात पुरळ बघू नका. खिडकीपाशी न्या, लंगोट-डायपरसकट सगळं काढा आणि डोक्यापासून तळपायापर्यंत बघा. मानेच्या वळ्या, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, तळहात, तळपाय आणि शेवटी तोंडाच्या आत. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली पुस्तकातल्या चित्रांसारखी लाल दिसत नाही. ती तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळपट दिसते. म्हणून हातही फिरवा. खरखरीत लागतं का, गरम लागतं का, टणक पुटकुळ्या लागतात का? रोज एकाच जागी, एकाच वेळी फोटो काढून ठेवला की पुरळ वाढतंय की विझतंय याचा वाद मिटतो.

याच वेळी काचेच्या ग्लासची परीक्षा करून घ्या. पारदर्शक ग्लासची बाजू डागावर दाबा. साधं पुरळ दाबल्यावर फिकं पडतं. डाग काचेतूनही तसाच लाल-जांभळा दिसत राहिला तर त्वचेखाली रक्त साकळलेलं असू शकतं. मूल तापाने फणफणलेलं असेल, मलूल असेल आणि असे डाग असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. ओठ-चेहरा सुजून श्वासाला घरघर लागली, तरीही तेच.

पायरी दुसरी: जागा वाचा

मान, पाठ, छाती, कपाळाची कड: बारीक, टोकदार, एकमेकांना खेटून आलेले दाणे असतील तर ते घामोळं. घामाच्या नळीचं तोंड बंद होतं, घाम आतच अडकतो आणि तिथे पुळी उठते. उपायही त्यातच आला, तोंड बंद करणारं काही लावू नका. आपण नेमकं तेच करतो. आधी तेल चोपडतो, वर पावडर थापतो, आणि वळीत तिची कणीक होते. गार किंवा कोमट पाण्याने दिवसातून दोनदा अंग धुवा, वळ्या टिपून कोरड्या करा, पंख्याखाली नुसत्या चड्डीवर लोळू द्या. खाज फार असेल तर कॅलामाइनचा पातळ हात पुरतो. डबा उलटा करून पावडर झटकायची सवय तर सोडाच, ती श्वासात जाते. घामोळ्याच्या डोक्यावर पू दिसू लागला किंवा ताप आला तर डॉक्टर.

तोंडाभोवती, हनुवटीवर: लाळ. दात येताना, चोखणी तोंडात असताना आणि वरणभात तोंडभर माखून जेवताना. पुसू नका, टिपा. जेवायला बसण्याआधी हनुवटीला व्हॅसलीनचा पातळ थर लावला की निम्मं काम होतं. लाळेरं ओलं झालं की बदला. ओलं लाळेरं म्हणजे छातीला बांधलेली पट्टीच.

डायपरची जागा: इथे दोन नकाशे ओळखायला शिका. कुल्ल्यांच्या आणि मांड्यांच्या उंचवट्यांवर लाली, पण जांघेच्या घड्या कोऱ्या, हे ओलाव्याचं आणि घासण्याचं पुरळ. घड्यांमध्येच लालभडक आणि कडेला सुटे सुटे ठिपके विखुरलेले, ही बहुधा बुरशी. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर ती हमखास डोकं वर काढते. पहिल्याला घरचा उपाय चालतो: दर दोन-तीन तासांनी आणि शी झाल्याबरोबर बदल, वाइप्सऐवजी कोमट पाणी आणि कापूस, टिपून कोरडं करणं, दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं उघडं ठेवणं, मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर. केकवर क्रीम लावतात तसा जाड. प्रत्येक वेळी तो थर खरवडून काढायचा नाही, मळलेला तेवढा पुसायचा आणि वर नवा द्यायचा. दुसऱ्या नकाशाला बुरशीचं औषध लागतं, आणि ते डॉक्टरांनीच द्यावं. पहिलंसुद्धा तीन दिवसांत उतरलं नाही तर दाखवा. मुलींना पुढून मागे पुसायचं. मुलग्यांच्या शूच्या जागेची कातडी मागे ओढून साफ करायची नाही, कोणी कितीही सांगू दे.

कोपराची आणि गुडघ्याची घडी, मनगट, घोटे: कोरडी, खरखरीत, खाजणारी, पुन्हा पुन्हा येणारी जागा म्हणजे बहुधा इसब. तान्हेपणी ते गालांवर असतं, चालायला लागल्यावर घड्यांमध्ये उतरतं. घरात कोणाला दमा किंवा सकाळच्या शिंका असतील तर शक्यता आणखी वाढते. इसब कोणाच्या चुकीने होत नाही आणि एका ट्यूबने कायमचं जातही नाही. ते सांभाळायचं असतं. अंघोळ पाच-दहा मिनिटांत, कोमट पाण्याने. साबण फक्त मळतं तिथे. टॉवेलने टिपून, अंग दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर सढळ हाताने. लोशनपेक्षा क्रीम बरं, क्रीमपेक्षा मलम. रात्री पुन्हा एकदा. नखं आठवड्याला कापायची, झोपेत असताना कापली तर युद्ध टळतं. उठाव आला की डॉक्टर सौम्य स्टिरॉइड देतात. त्यांनी सांगितलेले दिवस ते घाबरून अर्ध्यावर सोडू नका, आणि गुण आला म्हणून स्वतःच्या मनाने पुढेही चालवू नका.

उघडे हात-पाय: खाजऱ्या, टणक पुटकुळ्या झुपक्याने आल्या असतील आणि चड्डीखाली काहीच नसेल, तर डास किंवा पिसवा. ‘घरात सगळ्यांना सोडून हिलाच चावतात’ असं वाटतं. चावतात सगळ्यांनाच, तिची त्वचा अजून सरावलेली नाही म्हणून गाठ मोठी उठते. नवा चावा झाला की जुने डागही फुलतात. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायजमा आणि रात्री मच्छरदाणी, याला तोड नाही.

गालावरचे फिके पांढरे डाग: यावर आपल्याकडे दोन ठाम मतं, कॅल्शियम कमी आहे किंवा पोटात जंत आहेत. सहसा दोन्ही नसतात. हा सौम्य इसबाचाच प्रकार. उन्हाने भोवतालचा गाल रापतो आणि डाग उठून दिसतात. मॉइश्चरायझर, टोपी आणि धीर. काही महिने लागतात. डाग दुधासारखा पांढराशुभ्र, कडा रेखीव, असं असेल तर मात्र दाखवा.

तळहात, तळपाय आणि तोंडात फोड: हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार. पाळणाघरात एकाला झाला की ओळीने सगळ्यांना होतो. आठवड्या-दहा दिवसांत ओसरतो. घास गिळवत नाही म्हणून गार दही-भात, गार दूध द्या आणि शू नीट होते आहे ना, एवढ्यावर नजर ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी एखादं नख सुटून पडलं तर हादरू नका, याच आजाराची ती उशिराची खूण. खाली नवं नख असतं.

बोटांच्या बेचक्या, मनगट, काखा आणि रात्री वाढणारी खाज: खरूज. लहान मुलांत ती तळव्यांवरही येते. घरात आणखी कोणी खाजवतंय का बघा. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर ती घरातल्या घरात पाळीपाळीने फिरत राहते. लाज वाटायचं काही कारण नाही, ती स्वच्छ घरांतही येते.

अंगभर उठून तासाभरात जागा बदलणारे फुगीर चट्टे म्हणजे गांधी. आणि जन्मापासून कमरेखाली असलेला निळसर-राखाडी डाग म्हणजे मार नव्हे, आजारही नव्हे. तो आपल्याकडच्या खूप मुलांना असतो आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुधा विरतो.

पायरी तिसरी: अंगावर काय काय बांधलंय ते मोजा

ही पायरी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. करदोटा, मनगट्या, गळ्यातला काळा दोरा, ताईत, वाळे, कानातल्या बाळ्या. यातला प्रत्येक जिन्नस एक जागा झाकतो आणि ओली ठेवतो. करदोट्याखाली कमरेभोवती गोल रेघेत येणारं खाजरं पुरळ मी तीन घरांत पाहिलं. सुती दोरा असेल तर तो अंघोळीनंतर वाळत नाही, चांदीचा असेल तर साबण कड्यांत अडकतो. काढायला घरात विरोध होणार असेल तर निदान अंघोळीनंतर उचलून खालची जागा टिपा आणि पोट वाढेल तसा तो सैल करा. गळ्यातला दोरा मात्र काढाच. झोपेत तो पाळण्याच्या किंवा कॉटच्या दांड्यात अडकून गळफास बसू शकतो. यावर मी सासूबाईंशी तह केला: काळा दोरा राहील, पण बाळाच्या गादीखाली.

बाळ्यांमुळे कानाची पाळी ओली, लाल झाली तर हलक्या धातूतलं निकेल हे कारण असू शकतं. काजळात शिसं सापडलेलं आहे, ते डोळ्यात नको आणि तीट म्हणून गालावरही नको, कारण गालाचा हात तोंडात जातो. आणि बिब्बा. पोटदुखीवर, दृष्टीवर त्याचे ठिपके देतात. या फळाच्या तेलाने धोबी कपड्यावर न जाणारी खूण करायचे. ते तेल कातडी भाजतं, फोड येतात, काळे वण राहतात. बाळाच्या आसपासही नको. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधायची पद्धतही सोडा. कापराचा तुकडा गिळला गेला तर मुलाला झटके येऊ शकतात.

पायरी चौथी: न्हाणीघर आणि मलमांचा डबा

मालिश जरूर करा, मुलाला ते आवडतं आणि आजीलाही. खोबरेल चांगलं. मोहरीचं तेल त्वचेला चुरचुरतं. मे महिन्यात मुंबई-कोकणात तेल अंघोळीआधी लावायचं, नंतर नाही. थंडीत देशावर अंघोळीनंतर लावलं तरी चालेल. डाळीच्या पिठाने रगडून अंगावरची लव जाते, रंग उजळतो, हे दोन्ही खोटं. लव आपोआप झडते आणि रंग आईबापांकडून येतो. रगडण्याने मिळतं ते फक्त सोललेलं कातडं.

मलमांचा डबा उघडा आणि त्यातली ‘खाजेवर रामबाण’ ट्यूब बाहेर काढा. केमिस्टकडे मागितली की मिळते ती. तिच्यात पुष्कळदा तीन औषधं एकत्र असतात, बुरशीचं, जंतूंचं आणि एक जोरदार स्टिरॉइड. दोन दिवसांत लाली पळते म्हणून ती लाडकी होते. पण स्टिरॉइड नायट्याला दाबून आत पसरू देतं आणि लहान मुलाची कातडी पातळ करतं. डायपरखाली तर ते जास्तच शोषलं जातं. पाकिटावर लाल उभी रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय लावायचं नाही, मग ते शेजारच्या मुलाला कितीही लागू पडलेलं असो. बोरिक पावडर डब्यात असेल तर तीही फेका. डब्यात व्हॅसलीन, झिंक ऑक्साइड, कॅलामाइन आणि एक मॉइश्चरायझर एवढं पुरे.

पायरी पाचवी: कपडे घेताना

लेबलवरचे महिने हा अंदाज असतो, वचन नव्हे. एका कंपनीचा ‘१२-१८’ दुसरीच्या ‘१८-२४’ एवढा निघतो. मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि तिच्यावरून घ्या. वर्षाच्या मुलाची उंची साधारण ७४ ते ७६ सेंटिमीटर, दोन वर्षांच्या मुलाची ८६ ते ८७. म्हणजे एका वर्षात टीचभर वाढ. म्हणून एका मापाचे दहा कपडे घेऊ नका. आमच्याकडे बारशाला आणि वाढदिवसाला आलेले सहा फ्रॉक लेबलसकट लहान झाले. कापडी लंगोट वापरत असाल तर चड्ड्या एक माप मोठ्या घ्या, कंबर काचली की पोटावर वळ उठतो.

दुकानात कपडा आधी उलटा करा. शिवण कुठे टोचते, भरतकामामागे खरखरीत अस्तर आहे का, लेबल कशाचं आहे, हे उलट्या बाजूलाच कळतं. गळा बघा. या वयात अंगाच्या मानाने डोकं मोठं, त्यामुळे खांद्यावर टिचबटणं असलेला किंवा चांगला ताणणारा गळा हवा. तो नसेल तर रोज सकाळी रडारड. बटणं, मणी, टिकल्या ओढून बघा, तीन वर्षांखाली सुटलेलं बटण थेट तोंडात जातं. टोपीची आणि गळ्याची नाडी ओढून काढून टाका. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना अशी नाडी लावायला मनाईच आहे, कारण घसरगुंडीत आणि दारात ती अडकते.

मोज्यांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. घालण्याआधी मोजा उलटा करून आतले सुटे धागे कापा. धागा किंवा आईचा गळलेला केस अंगठ्याला वेढा घालून बसतो, अंगठा सुजतो आणि मूल उगाचच रडतंय असं वाटतं. कारण न कळणारं रडणं असेल तेव्हा पायाची बोटं एकदा बघाच.

बूट घरात नकोतच, अनवाणी चालूनच पाय पकड शिकतो. बाहेरसाठी संध्याकाळी माप घ्या, मूल उभं असताना, दोन्ही पायांचं. सर्वांत लांब बोटापुढे एक सेंटिमीटरभर जागा आणि चवड्याशी वाकणारा तळ. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पी-पी वाजणाऱ्या बुटांबद्दल मी बोलणार नाही, आमच्या खालच्या मजल्यावरचे काका बोलतील.

पायरी सहावी: धुणं, वाळवण, कपाट

नवा कपडा धुतल्याशिवाय अंगाला नाही. त्याला कारखान्यातली खळ आणि सुटा रंग असतो. जुना, मऊ झालेला सुती कपडा नव्यापेक्षा बरा. आजीच्या धुवट साडीचं दुपटं याच कारणाने श्रेष्ठ, इथे सासूबाईंना पूर्ण गुण. साबण कमी, खळबळून दोन पाणी जास्त. सुवासिक कंडिशनर नको.

पावसाळ्यात दोरीवरचे कपडे हाताला गार लागतात, म्हणजे ते वाळलेले नाहीत. पंख्याखाली पसरा, घालण्याआधी शिवणींवरून आणि इलॅस्टिकवरून इस्त्री फिरवा. चड्डीची दमट शिवण हे नायट्याचं आवडतं घर.

कपाटातल्या डांबरगोळ्या काढा. नॅप्थलीनची गोळी खाल्ली गेली तर विषारी आहेच. शिवाय काही मुलांना जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नुसत्या डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यानेही फुटू शकतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पिशवीत घालून ठेवा.

पायरी सातवी: घालायचं किती आणि कसं

पोटाला किंवा पाठीला हात लावून बघा. हात-पाय गारच असतात, त्यांच्यावर जाऊ नका. मान घामेजली असेल तर एक थर काढा. ताप असताना गोधडीत गुंडाळून घाम काढायचा नसतो, पातळ सुती कपडा आणि पाणी. लोकर थेट अंगाला नको, आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि त्याची कॉलर स्वेटरच्या वर.

दोन वर्षांचं मूल ‘नाही’ म्हणणारच. ‘कपडे घालायचे का?’ असं विचारलंत तर हरलात. ‘पिवळा की निळा?’ विचारा. तिसरा पर्याय दाखवू नका. शी-शू सांगायला शिकवायच्या दिवसांत बटणं, पट्टे, डांगरी सगळं माळ्यावर टाका आणि स्वतःला खाली ओढता येईल अशी सैल इलॅस्टिकची चड्डी द्या.

सणाच्या कपड्यांना वेगळा नियम. जर, ऑर्गंझा, जाळी यांच्या आत पातळ सुती पेटीकोट किंवा बंडी हवीच, आणि फोटो झाले की तासाभरात कपडा उतरवा. दिवाळीत पणत्यांजवळ नायलॉन, जॉर्जेट नको. ते पेटत पेटत वितळतं आणि कातडीला चिकटतं. भाजलंच तर वीस मिनिटं नळाखाली धरा आणि चिकटलेलं कापड ओढू नका. टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही.

बोरन्हाणाचा काळा झबला-फ्रॉक दोनदा धुवा, काळा रंग घामाने सुटतो आणि लेकरू काखेत काळं होतं. हलव्याचे दागिने दोऱ्यात नीट ओवलेले आहेत का बघा, फोटोपुरते घाला. डोक्यावरून ओतायला चुरमुरे ठीक, पण आख्खी बोरं, शेंगदाणे, हरभरे आणि सुटा हलवा त्यातून वगळा. खाली पडलेलं वेचून खाण्यात मुलांचा हात मोठ्यांपेक्षा जलद असतो. आमच्याकडे ओवाळणं संपायच्या आत लेकीच्या तोंडातून आख्खं बोर काढावं लागलं होतं. गळ्यातल्या हाराचा अर्धा हलवा तोवर तिने संपवला होता.